कृपया हात लावू नये

‘कृपया हात लावू नये’ या पाटीइतकी अन्यायकारक पाटी आपल्याकडे दुसरी नसेल. ‘येथे थुंकू नये’, ‘जाहिराती लावू नयेत’, ‘चपला बाहेर काढाव्यात’ या पाट्यांचं आपण समजू शकतो. त्या आपल्या दुर्गुणांना उद्देशून असतात, आणि दुर्गुणांबद्दल कोणी हटकलं तर माणूस वरवर चिडला तरी आतून कबूल असतो. पण हात लावणं हा दुर्गुण नव्हे. देठाशी नाक नेल्याशिवाय आंबा, दाबून पाहिल्याशिवाय वांगं आणि पदर दोन बोटांत चोळल्याशिवाय साडी घेणारा मनुष्यप्राणी अजून जन्माला यायचा आहे. आपल्या भाषेनं तर हा निकाल केव्हाच देऊन टाकलाय. मराठी माणूस ‘बघू’ म्हणतो तेव्हा तो डोळे पुढे करत नाही, हात पुढे करतो. ‘बघू तुझं नवीन घड्याळ’ म्हटल्यावर तुम्ही लांबूनच मनगट दाखवून खिशात घातलंत, तर संबंध बिघडतात.

तरीसुद्धा हात न लावण्याचे संस्कार आमच्यावर भरपूर झाले. आमच्या लहानपणी प्रत्येक मध्यमवर्गीय घरात एक शोकेस असे. तिच्यात सावंतवाडीची लाकडी फळं, मान हलवणारी तंजावरची बाहुली, कोणाच्या तरी लग्नात आलेला आणि कधीच चहा न पाहिलेला कपबशांचा सेट, आणि आमच्या घरी एक चावीची मोटार होती. मोटार शोकेसमध्ये आणि चावी आईच्या कपाटात. पाहुणे आले की चावी निघायची, मोटार फरशीवर एक फेरी मारायची, पाहुण्यांचा मुलगा ‘बघू’ म्हणायचा आणि त्याचं ‘बघू’ संपायच्या आत ती पुन्हा काचेआड. ती मोटार आजही नवीकोरी आहे. जुने झालो ते आम्ही.

हे सगळं तत्त्वचिंतन आत्ताच सुचायचं कारण म्हणजे आमचं मंडळ. ठाण्यात आम्ही अकरा माणसं लेगोच्या विटांच्या आगगाड्या करतो. डोक्यावर टेंगळं असलेल्या, एकमेकींत कट्कन बसणाऱ्या त्या प्लॅस्टिकच्या विटा तुम्ही पाहिल्या असतीलच; रात्री पाणी प्यायला उठल्यावर अनवाणी पायाखाली आल्या असतील तर विसरलाही नसाल. आमच्यातल्या बहुतेकांनी त्या मुलांसाठी म्हणून आणल्या. मुलं मोठी होऊन दुसऱ्या उद्योगांना लागली आणि विटा बापांकडे राहिल्या. “चाळिशी उलटलेल्या पुरुषाला खेळणं घ्यायला मुलाचं निमित्त लागतं आणि ठेवायला बायकोचं कपाट लागतं,” असं आमच्या घरून याचं वर्णन केलं जातं. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत, कारण त्यांचा हात स्थिर. पुलांचं काम एका निवृत्त कार्यकारी अभियंत्यांकडे. त्यांना सगळे ‘साहेब’ म्हणतात. वास्तुशास्त्र शिकणारी एक मुलगी आहे, ती आम्हा सर्वांना ‘काका’ म्हणते आणि आमच्या चुका काढते. खजिनदार प्रस्तुत लेखक. बँकेतला माणूस दिसला की त्याला खजिनदार करायचं, हा महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाचा अलिखित कायदा आहे. २०२४ च्या करारापासून आम्हा कारकुनांना ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ असं भारदस्त नाव मिळालंय, पण सोसायटीत, गणपतीत आणि विटांत मी खजिनदारच.

तर येत्या सुट्टीत एका शाळेच्या सभागृहात आमचं दोन दिवसांचं प्रदर्शन आहे आणि त्याच्या आखणीच्या सभा गेले तीन महिने चालू आहेत. विषय ठरायला वेळ लागला नाही. ठाण्यात राहून आगगाडीचं प्रदर्शन करायचं म्हणजे १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आलेली पहिली गाडीच करायला हवी. साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित आणि एकवीस तोफांची सलामी. (तोफांचा आवाज कोणी काढायचा, यावर एक सभा खर्ची पडली.)

मग साहेबांनी माप काढलं. लेगोच्या दोन रुळांत साडेसदतीस मिलिमीटर अंतर असतं आणि आपल्या ब्रॉडगेजच्या रुळांत १६७६. म्हणजे आमची दुनिया खऱ्या दुनियेच्या साधारण पंचेचाळिसावा हिस्सा. बोरीबंदर ते ठाणे ३४ किलोमीटर. त्याला पंचेचाळीसनं भागलं की साडेसातशे मीटर होतात. सभागृह बारा मीटर. तेव्हा भायखळा, दादर, शीव, कुर्ला आणि भांडुप हा सगळा मुलूख एका ठरावाने रद्द करण्यात आला. नगररचना खात्यालाही इतकं जमलं नसतं. खऱ्या गाडीच्या आजच्या मापाचा एक डबा करायचा तर तो सत्तेचाळीस सेंटिमीटर लांब होतो, आणि लेगोचं नेहमीचं वळण म्हणजे सोळा तुकड्यांत पुरं होणारं, जेमतेम सत्तर सेंटिमीटरांचं वर्तुळ. एवढा लांब डबा त्यावर वळला की फलाटावरची माणसं झाडून खाली पडतात. त्या मानाने १८५३ चे डबे चार चाकांचे, बुटके. ते सुखाने वळतात. इतिहास कधी कधी असा सोयीचा असतो. गाडी बोरीबंदरहून सुटते, ठाण्याला येते आणि न थांबता वळून पुन्हा बोरीबंदरला जाते. पहिल्या दिवशी असं झालं नव्हतं, पण पुढे लाखो लोकांच्या बाबतीत रोज तेच झालं, म्हणून आम्ही ते चालवून घेतलं. त्या काळी तिन्ही इंजिनांनी मिळून एक गाडी ओढली. आमच्याकडे एक ओढतं आणि दोन चार्जिंगला असतात. अध्यक्षांना घुमटासकट भव्य स्टेशन हवं होतं. ते स्टेशन त्यानंतर तीस-पस्तीस वर्षांनी उभं राहिलं, हे वास्तुशास्त्राने लक्षात आणून दिल्यावर ते दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

इथपर्यंत सगळं एकमताने, म्हणजे थोडंफार भांडूनच, झालं. गाडी अडली ती दोरीवर.

प्रदर्शन म्हटलं की दोरी आली. ती टेबलापासून किती लांब बांधायची? सहा वर्षांचं मूल टाचा उंचावून, पोट दोरीवर टेकवून, हात ताणून जिथपर्यंत पोचतं त्याच्या पुढे चार इंच, हे उत्तर डॉक्टरांनी आपल्या भाच्यावर प्रयोग करून काढलं होतं. मग टेबलाची उंची. टेबल उंच ठेवलं तर मुलांना गाडीऐवजी टेबलाची खालची बाजू दिसते, जिथे वायरी आहेत आणि साहेबांचा डबा आहे. टेबल खाली घेतलं तर दिसतं छान, पण हातही पोचतो. देवाने माणसाचे डोळे आणि हात इतक्या जवळ का ठेवले, कळत नाही. जे डोळ्यांच्या सोयीचं ते हाताच्याही सोयीचं होतं. साहेबांनी अॅक्रिलिकच्या पारदर्शक भिंतीचं कोटेशन आणलं. ते वाचून झाल्यावर खजिनदार या नात्याने मी थोडा वेळ मौन पाळलं.

तेव्हा वास्तुशास्त्राने विचारलं, “पण काका, हात लावला तर होईल काय?”

प्रश्न साधा होता, पण त्याच्यामागे गेल्या वर्षीची एक मुलगी उभी होती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

गेल्या वर्षीही हेच सभागृह होतं. तिथल्या वॉचमनची सात-आठ वर्षांची मुलगी दोन्ही दिवस दोरीला लागून बसून होती. आम्ही सकाळी कुलूप काढायच्या आत ती दारात आणि रात्री दिवे घालवले की मग घरी. तिने एकदाही हात पुढे केला नाही. बापाने पहिल्याच दिवशी दम दिला असावा. हात मागे बांधून ती नुसती मान फिरवायची. गाडी डावीकडून आली की डावीकडून, उजवीकडे गेली की उजवीकडे. रविवारी आठ वाजता प्रदर्शन संपलं आणि आम्ही आवराआवर सुरू केली. चार महिने खपून उभं केलेलं ते सगळं मोडायला दीड तास पुरतो. स्टेशन कडाकडा उपटायचं, पूल गुडघ्यावर ठेवून दोन करायचा, रंगांप्रमाणे विटा खोक्यांत. अध्यक्षांसकट सगळे घामाघूम होऊन मोडत होते, आणि खरं सांगायचं तर मोडायलाही मजा येते. ती बघत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, “काका, मोडायचंच होतं, तर मला का नाही मोडू दिलं?”

डॉक्टरांनी तिला चॉकलेट दिलं. दातांच्या डॉक्टरांनी चॉकलेट द्यावं, यावरून आमची अवस्था ओळखा.

आता मी कॉमर्सचा पदवीधर. नीतिशास्त्राचा पेपर मला नव्हता. पण या प्रश्नाला जमाखर्चाच्या वहीत मांडून बघायला हरकत नाही. तिने हात लावला असता तर नुकसान कशाचं झालं असतं? विटांचं नव्हे. ती वीट भलतीच चिवट जात आहे. १९५८ साली तिचं पेटंट घेतलं गेलं, आणि त्या सालची वीट आजच्या विटेत अजून घट्ट बसते. चिनी मातीच्या फुलदाणीला हात लावू नये, हे ठीक. ती फुटली की फुटली. वीट निखळली तर पुन्हा लावता येते. किंबहुना निखळावी आणि पुन्हा लावता यावी, एवढ्याचसाठी तिचा जन्म. कंपनीचं नावसुद्धा डॅनिश भाषेतल्या दोन शब्दांचं बनलंय आणि त्यांचा अर्थ ‘छान खेळ’ असा होतो. छान बघ, असा नव्हे.

मग मालकीचं बघू. (इथे ‘बघू’ म्हणजे हात न लावता.) आमच्या स्टेशनच्या भिंती डॉक्टरांच्या, छप्पर साहेबांचं, घड्याळ वास्तुशास्त्राचं आणि फलाट सार्वजनिक वर्गणीतला. अशा स्टेशनचा मालक कोण? भारतीय भागीदारी कायदा १९३२ चा. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावी ओले कर्क ख्रिस्तियानसेन या सुताराने लाकडी खेळणी करायला घेतली, तीही १९३२ सालीच. एकाच वर्षी जगाला खेळणी मिळाली आणि आम्हाला ती कोणाची यावर भांडायचा कायदा मिळाला. पण कायद्याचं पुस्तक कितीही उलटलं तरी आमच्या मालकीची नेमकी वस्तू सापडत नाही. विटा तर बाजारात कोणालाही मिळतात. आठ टेंगळांच्या, एका रंगाच्या फक्त सहा विटा एकमेकींवर लावायच्या ९१,५१,०३,७६५ तऱ्हा आहेत, असं गणितज्ञांनी मोजून ठेवलंय. (हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी तो दोनदा तपासला. सवय.) आमच्या तर हजारो विटा. एवढ्या अगणित तऱ्हांतून आम्ही निवडलेली एक तऱ्हा, ती फक्त आमची. हिशेबात तिला धरता येत नाही, तिच्यावर घसारा काढता येत नाही, पण बोट लागलं की जाते ती तीच. चार महिन्यांच्या रात्री. तेव्हा ‘हात लावू नये’ म्हणणारा अगदीच कंजूष असतो असं नाही. त्याचं जे आहे ते हातात धरण्यासारखं नसतंच, म्हणून तो हातांना घाबरतो.

या बाबतीत बँकेतल्या माणसाला थोडा अधिकार आहे, असं मी नम्रपणे म्हणेन. कॅशवर बसलो की दिवसभरात किती रक्कम माझ्या बोटांखालून जाते ते सांगत नाही, उगीच लोक घरी यायला लागतील. मला स्पर्श आहे, मालकी नाही. काउंटरच्या पलीकडच्या ग्राहकाला मालकी आहे, पण स्पर्श नाही. त्याची जन्माची पुंजी म्हणजे मोबाइलवर दिसणारे सात आकडे. आमच्या मंडळींना विटांच्या बाबतीत दोन्ही आहे. आणि दोरीला टेकलेल्या त्या मुलीला दोन्ही नाही. बँकेत असा माणूस आला की आम्ही त्याला ‘काय काम आहे?’ असं विचारतो. आमच्या प्रदर्शनाला मात्र आम्ही त्यालाच बोलावलेलं असतं, फलक लावून, ‘प्रवेश विनामूल्य’ म्हणून. फरक पडतो तो इथे. घरातल्या शोकेसमध्ये मोटार ठेवणं वेगळं आणि शेजाऱ्यांच्या मुलांना हाका मारून ती शोकेस दाखवणं वेगळं. ज्याच्यात हाव जागी केली त्याचं आपण काहीतरी लागतो. किती, ते मला अजून काढता आलेलं नाही. पण शिल्लक शून्य दाखवणं मला हिशेबनीस म्हणून जमणार नाही.

सभेत मी एवढं सगळं बोललो नाही. एवढंच म्हणालो, “आपण त्या मुलांचं देणं लागतो.” त्यावर अध्यक्ष म्हणाले, “मग घालू बजेटमध्ये.”

साहेबांनी मात्र एकदम पंढरपूर काढलं. साहेब माळकरी नव्हेत, पण त्यांच्या नोकरीची बरीच वर्षं तिकडच्या रस्त्यांवर गेली आहेत. “वीट हा विषय महाराष्ट्राला नवीन नाही,” ते म्हणाले. “आमचा देवच विटेवर उभा आहे. तिथे बघा, दोन रांगा असतात. मुखदर्शनाची रांग झटपट सरते. पदस्पर्शाच्या रांगेत लोक तासन् तास उभे असतात, वारीच्या दिवसांत तर विचारू नका. कशासाठी? क्षणभर पायाला हात आणि डोकं लागावं म्हणून. नुसतं दिसून भागत असतं तर दुसरी रांग लागली असती का?”

“पण साहेब, हात लागून लागून पायांची झीज होतेच की. वज्रलेप करावा लागतो,” डॉक्टर म्हणाले.

“करतात ना वज्रलेप! रांग बंद नाही करत.”

यावर थोडा वेळ कोणी बोललं नाही. त्याच देवळाचे दरवाजे सगळ्यांना उघडावेत म्हणून १९४७ साली साने गुरुजींनी उपोषणाला बसून प्राण पणाला लावले होते. हात लावू नये ही पाटी आपल्याकडे एके काळी वस्तूंवर नव्हे, माणसांवर लावलेली असे, हे अशा वेळी आठवतं आणि विनोदी लेखकाची जरा पंचाईत होते. आमची पहिली गाडीच घ्या. त्या दिवशी चारशे निमंत्रित आत होते, आणि बाकीची मुंबई दुतर्फा उभी राहून बघत होती. पण पुढे तिकीट काढील त्याला आत घ्यावं लागलं, आणि एकदा डब्यात गर्दी झाली की कोणाचा कोणाला धक्का लागू नये, हे ब्रह्मदेवालाही जमणारं नव्हतं. सोवळ्याची जेवढी झीज त्या लाकडी बाकांवर झाली तेवढी व्याख्यानांनी झाली नसेल.

एवढं ऐकून तुम्हाला वाटेल, ठराव झाला आणि दोरी गेली. तसं झालं नाही, आणि ते बरं झालं असं माझं मत आहे. कारण बघण्याच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. रेल्वेच्या फाटकाशी उभी असलेली मुलं आठवा. धडधडत गाडी येते, मुलं हात वर करतात आणि टाटा करतात. आतला कोणीतरी, ज्याला ती पुन्हा जन्मात भेटणार नाहीत, तोही हात हलवतो. त्या हाताला गाडीला लागायचं नसतं. लांबून जाणारी सुंदर गोष्ट लांबूनच जावी, यात एक वेगळा आनंद आहे आणि तो लहान मुलांना आपल्यापेक्षा जास्त कळतो. पुण्यात कर्वे रस्त्याजवळ भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झालं. तिथे मी मोठमोठी माणसं खुर्चीत बसून, हात मांडीवर ठेवून, तोंडाचा आ करून गाड्या बघताना पाहिली आहेत. दिवे मंद होतात, छोट्या सिग्नलचे दिवे लागतात, गाडी निघते, आणि त्या वेळी कोणी उठून इंजिनाला हात लावला तर शेजारचाच त्याचा हात धरील. सगळीच गाडी सगळ्यांच्या हातात दिली तर ती कोणालाच दिसणार नाही. पंढरपूरलासुद्धा मुखदर्शनाची रांग आहेच. तिथे उभे राहणारे काही कमी भक्त नव्हेत. त्यांना फक्त परतीची एसटी गाठायची असते.

शेवटी तोडगा निघाला तो वास्तुशास्त्राने काढला. मोठी गाडी दोरीच्या आतच. पण सभागृहाच्या डाव्या कोपऱ्यात जमिनीवर सतरंजी घालायची, तिच्यावर वळणाच्या सोळा तुकड्यांचं एक वर्तुळ, हाताने ढकलायची एक गाडी, आणि चार खोकी सुट्या विटा. मुलांनी बसावं, काय वाटेल ते बांधावं, मोडावं. शिवाय रविवारी आठ वाजता दोरी काढायची आणि जी मुलं असतील त्यांना मोडायला घ्यायचं. आवराआवरीला मजूर मिळतील, असा एक व्यावहारिक मुद्दा साहेबांनी जोडला आणि ठराव एकमताने मंजूर झाला.

मंजूर होणं सोपं असतं. चार खोकी विटा आणायच्या कुठून? बजेटमध्ये अॅक्रिलिकला पैसे नव्हते तसे याला पण नव्हते. तेव्हा प्रत्येकाने आपल्याकडच्या थोड्या थोड्या द्याव्यात असं ठरलं आणि जमा करून पावती द्यायचं काम खजिनदाराकडे आलं. पुढच्या रविवारी पिशव्या आल्या. मी त्या मोजायला म्हणून वर्तमानपत्रावर ओतल्या. उन्हाने पिवळट पडलेल्या पांढऱ्या विटा होत्या. कडेला दात उमटलेल्या होत्या. एका पिशवीत तर दोन पिढ्यांचे. एक चाक असलेले आस, दार नसलेल्या चौकटी, कोणाचा तरी टिचलेला वाघ. शिवाय कुठल्याशा दुसऱ्या कंपनीच्या, कशातच न बसणाऱ्या विटा मूठ-दोन मूठ.

कठोपनिषदाची सुरुवात अशीच आहे. नचिकेताचा बाप यज्ञात सर्वस्व द्यायला बसतो आणि देतो काय, तर दूध देऊन झालेल्या, गवत खाऊन झालेल्या, म्हाताऱ्या गाई. पोरगा बघत असतो. त्याला राहवत नाही. तो विचारतो, बाबा, मला कोणाला देणार? जगातलं एवढं मोठं तत्त्वज्ञान एका बापाने काढलेल्या जुन्या स्टॉकमधून निघालं, हे कॉमर्सच्या विद्यार्थ्याला फार दिलासा देणारं आहे. आमच्या सभेत नचिकेत नव्हता. वास्तुशास्त्राने ढिगाकडे एकदा बघितलं, मग आम्हा सगळ्यांकडे बघितलं आणि नुसतं “काका...” म्हणाली. एवढंच.

डॉक्टर उठून गाडीत गेले. परत आले ते एक लाल रंगाचा डबा घेऊन, चारही चाकं असलेला. साहेबांनी पुलातल्या चार कमानी काढून दिल्या. पूल आता एका कमानीने अरुंद झालाय आणि कागदावर तो पडायला हवा, पण साहेब म्हणतात सरकारी पुलांपेक्षा मजबूत आहे. सचिवांनी ‘घरी विचारून सांगतो’ असं सांगितलं. मी काय दिलं ते पावतीपुस्तकात आहे, ते सभासदांना कामकाजाच्या वेळेत बघायला मिळेल. ढीग अजून दोनच खोक्यांचा आहे. आठवडाभरात आणखी एक भरेल असा माझा अंदाज आहे, आणि चौथं वर्गणीतून घ्यावं लागेल.

वॉचमनकडे निरोप पोचवायचं काम माझ्याकडे आलं. मुलगी यंदा तिसरीत आहे असं कळलं. “येईल की,” तो म्हणाला, “पण हात नाही लावणार साहेब, मी सांगून ठेवलंय तिला.” त्याला हा नवा ठराव समजावून सांगायला मला पंधरा मिनिटं लागली, आणि त्याला तो पटला असं छातीठोकपणे सांगता येणार नाही.

काल रात्री सभेच्या शेवटी सचिव इतिवृत्त लिहायला बसले. कोपऱ्यातल्या सतरंजीसाठी सूचनाफलक हवा. चपला बाहेर काढाव्यात, विटा घरी नेऊ नयेत, तोंडात घालू नयेत, वगैरे.

“वयोमर्यादा काय लिहू?” त्यांनी विचारलं.

“तीन वर्षांच्या पुढे,” डॉक्टर म्हणाले. “त्याहून लहान मुलं गिळतात.”

“आणि वरची?”

डॉक्टरांनी चष्मा पुसायला घेतला. साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. मी वही उघडली. दहा वाजून गेले होते, पण वरची मर्यादा बारा असावी की नसावीच, यावर पुढे चांगला पाऊण तास चर्चा झाली आणि मध्ये दुसरा चहा मागवावा लागला. तो मी किरकोळ खर्चात टाकलाय.